दगडावरची तीन लाल अक्षरं

तीन वर्षांपूर्वी मी एका मेलेल्या माणसाचा अपमान केला. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं, त्याची भाषा मला येत नव्हती आणि त्याचं माझं काही भांडणही नव्हतं. तरी केला. तोही एका संत्र्यावरून, आणि मी जन्माची नागपूरची.

तो माणूस म्हणजे आमच्या समोरच्या आजींचा नवरा. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये आम्ही हे घर घेतलं त्याच्या आधीच तो गेला होता. समोर आजी आणि त्यांची लेक अशा दोघीच राहायच्या. आजी दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून विशीत इथे आलेल्या. नवरा शिकागोतल्या एका हॉटेलात आचारी होता आणि त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत आजींनी तीसेक वर्षं भाज्या चिरल्या. आता वय ऐंशीच्या पुढे. उन्हाळ्यात त्या मागच्या अंगणात हातभर लांबीच्या शेंगा लावायच्या आणि पिशवी भरून आमच्या दारात ठेवून जायच्या. बेल कधी वाजवायच्या नाहीत. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं घाईचं. दोघींचं बरं जमायचं. माझी मुलगी लहानपणी त्यांना आजी म्हणायला लागली, तेव्हापासून आमच्या घरात त्या आजीच. तोंडावर मात्र मी त्यांना आंटी म्हणायचे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. कामासाठी ती बाहेरगावी गेली होती आणि तिकडच्या विमानतळावर अडकली होती.

"फ्लाइट कॅन्सल झालीय. आईला आज बाबांच्या ग्रेव्हवर जायचंय. मी म्हटलं पुढच्या रविवारी जाऊ, तर ऐकत नाही. कॅब बुक करते म्हटलं, तर फोनच ठेवून दिला. तू सोडशील का तिला? प्लीज."

त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम होती. मी नसले की सगळे नुसते चहा पीत बसतात. तरी हो म्हणाले. मनात हिशेब असा, की जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मध्ये फुलं ठेवायला दहा मिनिटं. दुपारपर्यंत मोकळी.

समोरच्या दारात आजी तयारच होत्या. शेजारी बादली, खराटा, घासायचा ब्रश, पाण्याचे दोन कॅन, थर्मास, घडीचं स्टूल, फॉइलमध्ये गुंडाळलेली अख्खी उकडलेली कोंबडी आणि संत्र्यांची पिशवी. एवढं सामान पाहूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. गाडीत बसल्यावर कोंबडी त्यांनी मांडीवर घेतली आणि उतरेपर्यंत खाली ठेवली नाही.

त्या दिवसाला चिंग मिंग म्हणतात, हे मला रस्त्यात कळलं. हिवाळा सरून वसंत उजळला की त्यांच्याकडे पूर्वजांच्या कबरी झाडायच्या असतात. सण सूर्यावर चालतो, त्यामुळे तारीख फारशी हलत नाही. एप्रिलचा पहिला आठवडा ठरलेला. इथे त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून जवळचा रविवार. आजी म्हणाल्या, त्यांच्या गावाकडे या दिवसांत भुरभुर पाऊस असतो आणि डोंगर हिरवे झालेले असतात. आमच्या गाडीच्या काचेवर मात्र बर्फाचे बारीक कण आपटत होते.

दफनभूमी म्हणजे शांतता, चार पक्षी आणि आपण, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात गाडी लावायला जागा नव्हती. एका बाजूच्या सगळ्या ओळी चिनी कुटुंबांच्या, आणि त्या दिवशी सगळी कुटुंबं हजर. बाबागाड्या, घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास. एका गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याच्या खोक्यात भाजलेलं अख्खं डुक्कर. थंडी वाजते म्हणून इंग्रजीत कुरकुरणारी पोरं आणि त्यांच्या हातात खराटे कोंबणाऱ्या आया. कुणी रडत नव्हतं. मला ते जरा विचित्रच वाटलं.

कोपऱ्यातल्या ओळींमध्ये लहान लहान दगड होते. तिथे एक बस थांबली आणि टोप्या घातलेले सात-आठ म्हातारे उतरले. चायनाटाउनमधल्या जुन्या मंडळाची ही माणसं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकटेच इथे आले, लोकांचे कपडे धुतले, भांडी घासली आणि एकटेच मेले, अशा पुरुषांच्या त्या कबरी. पूर्वी म्हणे त्यांची हाडं पुन्हा गावी पाठवायचे. ज्यांची राहिली ती राहिली. मंडळाचे म्हातारे प्रत्येक दगडापुढे एक एक उदबत्ती खोचत पुढे जात होते.

"यांचं कुणी नाही," आजी म्हणाल्या. "म्हणून एकच काडी."

"आणि आपल्या माणसाला?"

"तीन. तीन काड्या म्हणजे घरचं कुणी आलंय."

त्यांच्या नवऱ्याचा दगड करड्या रंगाचा, रुंद, दोघांच्या मापाचा. डावीकडे कोरलेली अक्षरं सोनेरी, उजवीकडची तीन अक्षरं लाल. सोनेरी नाव नवऱ्याचं, हे मला कळलं. उजवीकडे बोट दाखवून मी विचारलं, हे कुणाचं?

"माझं."

मी दचकले. आजींना माझा चेहरा पाहून हसू आलं. "लाल म्हणजे अजून जिवंत. मेले की सोनेरी करायचं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून लाल रंगाची बाटली काढली, बारीक ब्रश बुडवला आणि स्वतःच्या नावावरचा उडालेला रंग भरायला लागल्या. आपल्याकडे असलं काही नुसतं बोललं तरी आई माझं तोंड दाबायची. इथे ही बाई जीभ दाताखाली धरून, शाळेतल्या मुलीसारखी, स्वतःचं नाव गिरवत बसली होती.

मग झाडणं, दगड घासणं, सुकलेलं गवत उपटणं. मग तीन पेल्यांत चहा, तीन पेल्यांत तांदळाची दारू, कोंबडी, पाव, संत्री, चॉपस्टिक्सची जोडी. उदबत्त्या लावून तीन वेळा वाकणं. दफनभूमीवाल्यांनी कागद जाळायला पत्र्याची पिंपं ठेवली होती. त्यात आजींनी एक कागदी कोट जाळला, कारण इथे त्याला थंडी फार वाजायची म्हणे. दारू जमिनीवर ओतली. एक कोरा कागद दगडाच्या माथ्यावर ठेवून त्यावर खडा ठेवला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की इथे कुणी येऊन गेलंय. माझी तालीम केव्हाच बुडाली होती.

मग त्या स्टुलावर बसल्या, एक संत्रं उचललं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

आमच्या घरात स्मशानाचे नियम कडक. तिथे काही खायचं नाही, प्यायचं नाही, परतताना मागे वळून बघायचं नाही. घरी आलं की दारातच कडुलिंबाचा पाला चावायचा आणि थेट न्हाणीघरात. बाबांचा रुमालसुद्धा आई वेगळा भिजवायची. हे सगळं माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की विचार करायच्या आत माझे दोन्ही हात मागे गेले.

"नो, नो, थँक्यू. नो."

आजींनी संत्रं पुन्हा पुढे केलं. मी पुन्हा मान हलवली, आणि वर एक पाऊल मागेही सरकले. त्यांनी हात मागे घेतला. मग संत्रं पिशवीत ठेवलं आणि आवराआवर केली. स्वतःही काही खाल्लं नाही. परतीच्या रस्त्यात एक शब्द नाही. मला वाटलं, म्हातारं माणूस, दमल्या असतील.

घरी आल्या आल्या मी डोक्यावरून आंघोळ केली आणि सगळे कपडे मशीनमध्ये टाकले. नवरा बघत होता. "आपल्याला सुतक किती दिवसांचं?" त्याने विचारलं. मी ओला टॉवेल त्याच्या अंगावर फेकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक बिस्किटांचा डबा घेऊन आभार मानायला आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "तुला सांगू की नको असं झालंय. आईला जरा वाईट वाटलं. म्हणजे, ती म्हणते बाबांना वाईट वाटलं."

त्यांच्याकडे चिंग मिंगला यजमान असतो तो कबरीतला माणूस. त्याच्यापुढे मांडलेलं तिथेच सगळ्यांनी मिळून खायचं, त्याच्या सोबतीने. मी संत्रं नाकारलं म्हणजे त्याच्या पंगतीतून उठून गेले.

मला संताप आला. माझा रविवार गेला, तालीम गेली, बादल्या मी उचलल्या आणि वर हे! मी तिला आमचे नियम सांगितले, जरा चढ्या आवाजातच. तिने मान डोलावली. "मी सांगते आईला," म्हणाली आणि गेली. मी भांडी घासायला घेतली. दोन ताटं घासली असतील-नसतील, तेव्हा लक्षात आलं की मला राग त्या दोघींचा आलेलाच नाही.

माझे बाबा गेले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा आमच्या व्हिसाचे कागद अडकलेले. वकील म्हणाला, देशाबाहेर पडलात तर परत केव्हा येता येईल सांगता येत नाही. मुलीची शाळा, माझी नोकरी, घराचे हप्ते, सगळं समोर दिसत होतं. मी गेले नाही. लोक म्हणाले, तुझा नाइलाज होता. नाइलाज नव्हता, मी ठरवलं होतं. सगळं भावाने केलं. रामटेकला अंबाळा तलावात अस्थी सोडल्या त्याचा त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात बराचसा वाराच ऐकू येतो. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितलेला नाही.

पितृपक्षात आम्ही मागच्या डेकवर पान ठेवतो. बाबा गेले त्या वर्षी कावळा फिरकलाच नाही. खार आली आणि वडा घेऊन झाडावर गेली. नवरा म्हणाला, "बाबांनी माणूस पाठवला बघ." मी खूप हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढे मी नागपूरला गेले तेव्हा घरात बाबांचा फोटो होता, चष्मा होता. पण जाऊन बसावं अशी जागा कुठेच नव्हती. आजींकडे ती होती. त्या तिथे कोंबडी घेऊन जाऊ शकत होत्या, गवत उपटू शकत होत्या, कोट जाळू शकत होत्या. मला त्यांचा हेवा वाटत होता. तो रागासारखा बाहेर आला.

पुढच्या एप्रिलला लेक घरीच होती. माझी गरज नव्हती, तरी मीच म्हटलं, मी ड्राइव्ह करते. कपाळावर आठी न आणता बादल्या उचलल्या, गवत उपटलं. शेवटी आजींनी लेकीला संत्रं दिलं, शेजारच्या कबरीवरच्या दोन मुलांना दिलं, स्वतः घेतलं. मला दिलं नाही. माझ्याकडे बघून समजुतीने मान हलवली. लेकीने त्यांना सगळं सांगितलं होतं आणि त्या माझा नियम पाळत होत्या. मला ते आधीच्या वर्षीपेक्षा जास्त लागलं. पण हात पुढे करायचा धीर झाला नाही.

त्याच वर्षी पानं गळायच्या सुमाराला लेकीची नोकरी टेक्ससला हलली. प्लेनोत मोठं ऑफिस, मोठा हुद्दा. आईला इथे एकटं ठेवणं शक्य नव्हतं. आदल्या हिवाळ्यात आजी ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. पण आजी जायला तयार होईनात. आमच्या स्वयंपाकघरात बसून लेक रडकुंडीला आली.

"मी म्हटलं, बाबांनाच तिकडे हलवू. परमिट मिळतं, लोक करतात. तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, तो गावातून हाँगकाँगला गेला, हाँगकाँगहून इथे आला. आता त्याला उठवायचं नाही."

"आणि त्यांचं स्वतःचं काय?"

"तिचं नाव तर तिथे आधीच लिहिलेलं आहे."

हिवाळाभर हे असंच चाललं. मार्चमधल्या एका दुपारी आमची बेल वाजली. दारात आजी. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा बेल वाजवली होती. हातात बिस्किटांचा जुना गोल पत्र्याचा डबा. टेबलावर ठेवून त्यांनी झाकण उघडलं. आत दोन छोट्या बाटल्या, एक लाल, एक सोनेरी. दोन ब्रश आणि धुऊन घडी घातलेलं फडकं.

"तू करशील? दर एप्रिलला?" त्यांनी विचारलं.

मी काय म्हणाले ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "आंटी, मी घरची नाही. तुमच्या मंडळाच्या लोकांना सांगा ना."

"ते एकच काडी लावतात," आजी म्हणाल्या.

 मला त्या कोपऱ्यातले लहान दगड आठवले. या बाईला टेक्ससची भीती नव्हती की मरणाची नव्हती. आपला नवरा उद्या त्या ओळीत जाऊन बसेल, बसमधून उतरलेला कुणी परका म्हातारा त्याच्यापुढे एक काडी खोचून पुढे जाईल, ही भीती होती. आणि एवढं कळूनही मी वैतागले. मला जन्मभराचं बांधून घेणं नको होतं. माझ्या तोंडून एकदम मराठीतच निघालं, "माझ्या बापाचं मी काही केलं नाही, आता तुमच्या नवऱ्याचं कोणत्या तोंडाने करू?"

आजी वाट बघत होत्या. मग मी इंग्रजीत सांगितलं. व्हिसा, भाऊ, अंबाळा, व्हिडिओ, सगळं. त्यांना किती कळलं कोण जाणे. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्या बाबांना खायला काय आवडायचं?"

"संत्री," मी म्हटलं.

खरंच आवडायची. थंडीच्या दिवसांत दुपारी ते अंगणात उन्हात बसायचे, पोतडीतून एक एक संत्रं काढायचे, साल अख्खी एका दमात सोडवायचे आणि पांढऱ्या दोऱ्या काढलेली फोड आधी माझ्या हातावर ठेवायचे. भावाला दोऱ्यांसकट मिळायची.

आजी इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "संत्री! आणि तू माझं संत्रं घेतलं नाहीस!"

दोन वर्षांत पहिल्यांदाच आमच्यात हा विषय निघाला होता. मी आंघोळीचं पुन्हा समजावायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मला माहीत आहे. आंघोळ चांगली गोष्ट आहे." डबा तसाच टेबलावर ठेवून त्या निघाल्या. मी तो परत न्यायला सांगितलं नाही.

त्या एप्रिलला आम्ही तिघी गेलो. आजी स्टुलावर ब्लँकेट गुंडाळून बसल्या आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. त्यांच्या अक्षरांना रेघांचा क्रम असतो, हे मला तेव्हा कळलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आधी ही मग ती. मला वाटलं होतं, खाचेत रंगच तर भरायचाय, कुठूनही भरला तरी काय बिघडतं? मी खालून सुरुवात केली आणि हातावर चापट बसली. पन्नाशीच्या बाईला! फडक्याने पुसून पुन्हा पहिल्यापासून. लेक शेजारी उभी राहून हसत होती. मी म्हटलं, तू कर की मग. तिचं हसू थांबलं. "मला पण येत नाही," म्हणाली. "लहानपणी शनिवारच्या चायनीज शाळेत पाठवायचे, मी रडून सोडून दिली." मग तिनेही दुसरा ब्रश घेतला. आजींची दोघींवर सारखीच करडी नजर.

चिनी भाषेतली मला एवढीच तीन अक्षरं येतात.

मांडणी झाली तेव्हा आजींनी एक संत्रं बाकीच्यांपासून वेगळं, दगडाच्या कडेला ठेवलं. "तुझ्या बाबांचं." तीन काड्यांच्या शेजारी आणखी तीन लावल्या. आवरताना ते संत्रं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "घरी ने. आंघोळ कर. मग खा."

मी तसंच केलं. डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनी सिंकपाशी उभी राहिले आणि सोललं. पातळ सालीचं, जरा आंबट. बाबा हयात असते तर म्हणाले असते, याला काय संत्रं म्हणायचं. मी रडत रडत सगळं खाल्लं. नवरा आत आला, बघितलं आणि न बोलता बाहेर गेला. तेव्हा त्याला थट्टा सुचली नाही, याबद्दल मी त्याची बाकीची बरीच पापं माफ केली आहेत.

जूनमध्ये आजी प्लेनोला गेल्या. निघताना शेंगांचं बी मला दिलं. अधूनमधून फोन यायचा. तिथे फार ऊन आहे, दोन दुकानांमध्येसुद्धा गाडीनेच जावं लागतं, माती चिकट आहे. मी म्हणायचे, नागपूरच्या एप्रिलपुढे तुमचं ऊन काहीच नाही. त्या म्हणायच्या, मग तू ये इकडे. दगडाचं नाव दोघीही काढायचो नाही.

यंदा चिंग मिंगच्या रविवारी सकाळपासून गारांसारखा पाऊस होता. नवरा म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो, चल." मी नको म्हटलं. आठवडाभर लिफाफ्यांच्या पाठीवर ती तीन अक्षरं गिरवली होती. कोंबडीच्या जागी आमच्या घरची पुरणपोळी घेतली. आचाऱ्याला नवी चव चालेल असं मला वाटलं. बादली, खराटा, पाणी, थर्मास, संत्री, आजींनी माझ्याकडे ठेवून दिलेलं स्टूल, तो गोल डबा.

पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. तिथे सगळं तसंच, गाड्या, खुर्च्या, कुरकुरणारी पोरं. मी दगड घासला, गवत उपटलं. हात गारठले होते, पण रेघा क्रमाने भरल्या. आजींचं लाल नाव आधी, मग नवऱ्याच्या सोनेरी नावावर जिथे रंग उडाला होता तेवढं. उदबत्ती मात्र वाऱ्यात पेटेना. शेजारच्या कबरीवरचा एक गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

मी लाल नावाकडे बोट दाखवलं. "यांची शेजारीण."

तो वाऱ्याच्या बाजूला पाठ करून उभा राहिला, कोटाचा आडोसा केला आणि स्वतःच्या लायटरने माझ्या काड्या पेटवून दिल्या.

मी वाकून उठतेय तोच मंडळाचे म्हातारे कोपऱ्यातलं आटपून आमच्या ओळीत आले. ज्या दगडापुढे काही नाही, तिथे एक काडी, असं करत येत होते. त्यांतला एक माझ्यापासून दोन हातांवर थांबला. त्याच्या हातात एक काडी तयार होती. त्याने ओला लाल रंग पाहिला, तीन काड्या पाहिल्या, पुरणपोळी पाहून जरा गोंधळला. मग मान किंचित लववली, हातातली काडी परत जुडीत घातली आणि पुढच्या दगडाकडे गेला.

 मी आजींच्या स्टुलावर, म्हणजे आता माझ्या स्टुलावर, बसले. चहा ठेवला, दारू ओतली. बाबांसाठी वेगळं ठेवलेलं संत्रं उचलून साल अख्खी एका दमात सोडवायचा प्रयत्न केला, तर तिचे चार तुकडे झाले. दोऱ्या मात्र नीट काढल्या. "काका, घ्या," मी म्हटलं. "बाबा, तुम्हीपण." मोठ्याने म्हटलं, मराठीत. मग पहिली फोड तोंडात घातली. बर्फासारखी गार होती आणि बोटांना रंगाचा वास येत होता. मी ते संत्रं तिथेच बसून संपवलं.

दगडाचा फोटो काढून पाठवला, तर लगेच व्हिडिओ कॉल आला. लेकीने फोन धरला होता, मागे आजींचं कपाळ तेवढं दिसत होतं. त्यांनी फोटो जवळून पाहिला असावा, कारण पहिलं वाक्य तेच आलं. लेक म्हणाली, "ती म्हणतेय, दुसऱ्या अक्षराची शेवटची रेघ जाड झालीय." मग पुन्हा मागे ऐकून, "आणि विचारतेय, खाल्लंस का?"

"हो."

आजींनी तिच्या हातातून फोन घेतला. "आंघोळ करून?"

"नाही, आंटी. इथेच. त्यांच्याजवळ बसून."

स्क्रीनवर पुन्हा नुसतं कपाळ आलं. मग आवाज आला.

"आणि तुझ्या बाबांनी?"

"त्यांनीपण खाल्लं," मी म्हटलं. आणि हे बोलताना आपण खोटं बोलतोय, असं मला वाटलं नाही.